एका बोट-मिस्त्रीचे स्मरण

(पुण्यातील एका विहारात झालेल्या पुण्यानुमोदन सभेतील भाषण. कुटुंबाच्या इच्छेवरून कालकथितांचे व त्यांच्या मालकसंस्थेचे नाव येथे दिलेले नाही.)



आज आपण एका कारागिराच्या स्मरणार्थ येथे जमलो आहोत. मुळा-मुठेच्या काठी असलेल्या एका बोट क्लबात त्यांनी तीस वर्षे होड्यांची आणि बोटींच्या इंजिनांची दुरुस्ती केली. नदीकाठचे सारे लोक त्यांना ‘मिस्त्री’ म्हणत. वल्ही मारणारी श्रीमंतांची मुले, काठावर गवत कापणाऱ्या बाया, पहारेकरी, चहावाला, सर्वांच्या तोंडी हेच एक संबोधन होते. चार वर्षांपूर्वी त्यांनी सहकुटुंब धम्मदीक्षा घेतली. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, नोकरीत असतानाच, अल्पशा आजाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी, कन्या आणि चिरंजीव आपल्यासमोर बसले आहेत.

अशा सभेत गेलेल्या माणसाचे गुण गावे, दोन मिनिटे स्तब्ध उभे राहावे आणि घरोघर परतावे, असा रिवाज आपल्यात रुजू लागला आहे. तो वाईट आहे असे मी म्हणत नाही. परंतु तो पुरेसा आहे असेही मला वाटत नाही. जो माणूस आयुष्यभर बिघडलेले यंत्र उघडून दोष कोठे आहे ते पाहत आला, त्याचे स्मरणही आपण तसेच, उघडून पाहून केले पाहिजे. म्हणून मी तुमच्यापुढे तीन प्रश्न ठेवतो. मिस्त्रींनी काय केले? त्यांना काय मिळाले? आणि आता आपण काय करावयाचे?

पहिल्या प्रश्नाकडे वळू.

पुणे हे बंदर नव्हे. येथे समुद्र नाही, मोठी जलवाहतूक नाही. तरीही या शहरात होड्या आहेत आणि त्याला कारण आहे. मुळा आणि मुठा या दोन नद्या संगमावर एकत्र येतात आणि खाली बंडगार्डनपाशी बंधारा आहे. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकात तेथे बंधारा उभा राहिला. बंधाऱ्यामुळे पाणी अडले. पाणी अडल्यामुळे होडी तरंगू शकली. आणि इंग्रज अमदानीत नदीकाठी साहेब लोकांचे बोट क्लब निघाले. १८५४ साली पुण्यात जो इंजिनिअरिंगचा वर्ग आणि यंत्रशाळा सुरू झाली, तिचेच पुढे इंजिनिअरिंग कॉलेज झाले. त्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांचाही नदीवर बोट क्लब आहे. तेथील ‘रेगाटा’ हा नौकोत्सव १९२८ साली सुरू झाला आणि तो पुणेकरांच्या परिचयाचा आहे. काठावर हजारो लोक जमतात, वल्ही एका तालात पाण्यात पडतात, टाळ्या वाजतात. परंतु या टाळ्यांच्या आधी, कित्येक आठवडे, होडीच्या तळाशी उताणा पडून कोणी तरी फटी बुजवीत असतो, हे काठावरून दिसत नाही.

मिस्त्रींचे काम ते हेच. लाकडी होडी उन्हाळ्यात कोरडी पडली की तिच्या फळ्या आकसतात आणि फटी उघडतात. त्या फटींत कापसाची वात ठासून वर राळ भरावी लागते. वात फार घट्ट ठासली तर फळी पाण्यात फुगल्यावर सांधा उचकटतो. सैल ठासली तर पाणी आत येते. ही घट्टाई कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नसते. ती मनगटाला कळावी लागते. पुढे फायबरच्या बोटी आल्या, तेव्हा मिस्त्री कापड आणि रसायन लावून भेग सांधावयास शिकले. बोटीच्या पाठीला लावावयाचे इंजिन आले, तेव्हा ते उघडून पुन्हा जोडावयासही ते शिकले.

आपल्या नदीत जलपर्णी किती माजते, हे तुम्ही पुलावरून पाहिले असेल. पुलावरून ती हिरवीगार दिसते. मिस्त्रींना ती निराळी दिसत असे. तिची मुळे इंजिनाच्या पंख्याभोवती दोरखंडासारखी गुंडाळली जातात. जे पाणी आत शोषून इंजिन थंड राहते, त्या पाण्याच्या वाटेत ती अडकतात. इंजिन चालू झाले की मागच्या बारीक भोकातून पाण्याची एक धार बाहेर पडते. ती धार दिसली की समजावे, आत पाणी फिरत आहे. धार थांबली आणि तरीही कोणी इंजिन चालू ठेवले, तर काही मिनिटांत आतले भाग तापून ते जळते. मिस्त्री प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी एवढेच सांगत: “वेग नंतर पाहा, आधी धार पाहा.” मला हे वाक्य फार मोलाचे वाटते. माणसाच्या घरातही आतले पाणी फिरत आहे की थांबले आहे, हे आधी पाहावे लागते.

या शहराला पाण्याचे भयही ठाऊक आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यामागोमाग खडकवासल्याचे फुटले, आणि नदीकाठचे पुणे पाण्याखाली गेले. मिस्त्रींचा जन्म त्यानंतरचा; परंतु त्यांच्या वडिलांचे झोपडे त्या पुरात गेले होते आणि त्यांचे बालपण त्या आठवणींत गेले. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून मोठा विसर्ग झाला, सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले आणि माणसांना बोटींतून बाहेर काढावे लागले. त्या दिवशी बातमी कळताच मिस्त्री सुट्टी असूनही क्लबात गेले. दोन इंजिने त्यांनी तपासली, तेल-पेट्रोल भरले, दोऱ्या गुंडाळून ठेवल्या आणि ती इंजिने दाराशी मांडून ते रात्रभर बसून राहिले. ती मागावयास कोणी आले नाही. सकाळी त्यांनी ती पुन्हा झाकून ठेवली आणि घरी आले. ही गोष्ट वर्तमानपत्रात येण्याजोगी नाही. परंतु ज्याच्या हातात एक कला आहे आणि ती कला दुसऱ्याच्या प्राणासाठी सज्ज ठेवावी असे ज्याला न सांगता वाटते, तो माणूस कसा होता हे तिच्यावरून कळते.

त्यांनी ही कला कशी मिळविली, तेही ऐका. सोळा-सतरा वर्षांचे असताना ते दुसऱ्या एका ठिकाणी झाडलोटीस लागले. तेथील जुन्या सुताराने त्यांची जात विचारली आणि पेटीतील हत्यारांना हात लावावयाचा नाही, अशी तंबी दिली. रंधा, पटाशी, करवत सारे नजरेसमोर. स्पर्शाची मात्र बंदी. तेव्हा त्यांनी डोळ्यांनी शिकावयास आरंभ केला. दिवसभर पाहावे आणि रात्री फेकलेल्या लाकडाच्या तुकड्यांवर, जुन्या बाजारातून घेतलेल्या मोडक्या पटाशीने तोच सांधा करून पाहावा. पाच वर्षांनी त्याच सुताराची नजर मंदावली, आणि ज्याला हत्यार नाकारले होते त्याच्याच हाती होडी देण्याची पाळी त्याच्यावर आली. मिस्त्रींनी ती होडी मुकाट्याने दुरुस्त करून दिली.

बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात दाखवून दिले की, जातिव्यवस्था कामाची विभागणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी करते आणि त्यांना एकावर एक रचते. मिस्त्रींच्या आयुष्याकडे पाहा, म्हणजे हा सिद्धांत किती खरा आहे ते समजेल. होडी कोणी दुरुस्त केली हे पाण्याला कळत नाही. सांधा नीट असेल तर होडी तरंगते, नसेल तर बुडते. पाण्याला जे कळत नाही ते माणसाने शिकविले. आणि पाणीदेखील वाटून घेतले. ज्या पुण्यात ज्योतीराव फुल्यांना १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला करावा लागला, त्याच पुण्याच्या नदीवर या माणसाने तीस वर्षे इतरांना पाण्यावर सुरक्षित ठेवले.

आता दुसरा प्रश्न. मिस्त्रींना काय मिळाले?

त्यांच्या निधनानंतर क्लबातील अनेक सभासद घरी येऊन गेले. काहींच्या डोळ्यांत पाणी होते आणि ते खोटे नव्हते, हे मी पाहिले आहे. प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होते: “मिस्त्री आमचे फार लाडके होते, त्यांनी कधी काही मागितले नाही.” मित्रहो, या वाक्याचा पूर्वार्ध ऐकून मला समाधान वाटले; उत्तरार्ध ऐकून मी विचारात पडलो. जो मागत नाही तो लाडका असतो काय? आणि ज्या दिवशी तो मागेल, त्या दिवशी हा लाड टिकेल काय?

प्रेम मोजता येत नाही, असे म्हणतात. भगवान बुद्धांनी मात्र ते मोजण्याचे माप दिले आहे. ‘सिगालोवाद सुत्त’ हे गृहस्थांसाठी सांगितलेले सुत्त आहे आणि नव्याने धम्मात आलेल्या प्रत्येक कुटुंबाने ते वाचावे असे मी आग्रहाने सांगेन. सिगाल नावाचा तरुण रोज सकाळी सहा दिशांना नमस्कार करीत असे. त्याला बुद्धांनी सांगितले की, आईबाप, गुरुजन, पत्नी-मुले, मित्र, सेवक-कामगार आणि श्रमण याच त्या सहा दिशा होत. त्यांच्याशी नीट वागणे हाच खरा नमस्कार. त्यात मालकाची पाच कर्तव्ये दिली आहेत: कामगाराच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, त्याला अन्न व वेतन द्यावे, आजारात त्याची काळजी घ्यावी, घरी काही विशेष गोडधोड झाले तर त्यात त्याला वाटेकरी करावे आणि वेळेवर सुट्टी द्यावी.

या पाच मापांनी मिस्त्रींचा हिशेब मांडू. शक्तीप्रमाणे काम? पंचावन्नाव्या वर्षीही ते जड इंजिन एकटे खांद्यावर घेऊन पायऱ्या चढत होते. मदतनीस मिळाला नाही. वेतन? मिळाले, परंतु पुष्कळदा महिना उलटून गेल्यावर. आजारात काळजी? सभासदांनी फळे आणून दिली, हे कृतज्ञतापूर्वक सांगितले पाहिजे. पण गैरहजेरीच्या दिवसांचा पगार कापला गेला, हेही सांगितले पाहिजे. गोडधोड? दरवर्षी शर्यती संपल्या की पेढ्यांचा पुडा न चुकता घरी येई. सुट्टी? नौकाविहार रविवारी, सणावारी. म्हणून रविवार आणि सण मिस्त्रींच्या वाट्याला आले नाहीत. पाचांपैकी एक माप पुरते भरले, ते पेढ्यांचे.

त्याच सुत्तात कामगाराचीही पाच कर्तव्ये आहेत: मालकाच्या आधी उठावे, मागाहून निजावे, दिलेले तेवढेच घ्यावे, काम उत्तम करावे आणि मालकाची कीर्ती वाढवावी. मिस्त्रींनी ही पाचही पाळली. एका बाजूने पाच आणि दुसऱ्या बाजूने एक, अशा व्यवहाराला आपण प्रेम म्हणत राहिलो तर उद्या आपल्या मुलांच्या वाट्यालाही पेढेच येतील.

मी हे कोणावर राग धरून बोलत नाही. क्लबातली माणसे दुष्ट नाहीत. त्यांना हा हिशेब कोणी दाखविला नाही आणि मिस्त्रींनी स्वतःही मांडला नाही. न मागणे हा त्यांचा स्वभाव होता. त्याला आपण सद्गुण म्हणून मिरवू नये. शतकानुशतके ज्याला मागण्याची बंदी होती, त्याला न मागण्याची सवय लागते. ती सवय म्हणजे विनय नव्हे. बुद्धांनी दान न दिलेले घेऊ नये असे सांगितले. हक्काचे सोडून द्यावे असे कोठेही सांगितले नाही.

आणखी एक गोष्ट. शर्यत जिंकली की वल्ही मारणाऱ्यांचे नाव होई. मध्येच इंजिन बंद पडले की मिस्त्रींचे नाव निघे. कारागिराच्या वाट्याला कीर्ती थोडी आणि ठपका फार येतो. येथे मला चुंद आठवतो. चुंद हा पावा नगरीतील लोहार, लोखंडाचे काम करणारा कारागीर. त्याच्या घरचे भोजन हे भगवंतांचे अखेरचे भोजन ठरले; त्यानंतर त्यांचा आजार बळावला. लोक चुंदाला दोष देतील, चुंद स्वतःही स्वतःला दोष देईल, हे बुद्धांनी ओळखले. देह थकला होता, महापरिनिर्वाण जवळ आले होते, आणि अशा वेळी त्यांनी आनंदाला सांगितले की, चुंदाच्या मनातील हे शल्य दूर करा. त्याचे दान थोर पुण्याचे आहे असे त्याला सांगा. एका लोहाराच्या मनाची आणि नावाची काळजी त्या महापुरुषाने मृत्युशय्येवरून वाहिली. आपल्या परंपरेत कारागिराचे स्थान काय आहे, हे यावरून समजावे.

आपण मात्र कारागिरांना विसरतो. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी मुंबईहून निघाले, ते ‘पद्मावती’ बोटीने दासगावला उतरले आणि तेथून महाडास गेले. त्या बोटीचे नाव आपण आदराने घेतो. तिच्या इंजिनखान्यात उष्णतेत उभा राहून जो यंत्र चालवीत होता, त्याचे नाव आपल्यापैकी कोणी घेत नाही. चळवळ माणसांना पलीकडच्या काठाला नेते. पण नाव चालावी म्हणून खाली कोणी तरी जागा असतो.

आता तिसरा प्रश्न: आपण काय करावयाचे? येथे मी थेट या कुटुंबाशी आणि अशाच प्रसंगातून जाणाऱ्या तुम्हा सर्व वाचक कुटुंबांशी बोलतो.

प्रथम विधीविषयी. मिस्त्रींचे काही नातलग अजून जुन्याच रूढीत आहेत. ते प्रेमापोटी सांगत आहेत की, दहाव्याला नदीवर पिंड ठेवावा, कावळा शिवेपर्यंत थांबावे, तेराव्याला गावजेवण घालावे. न केल्यास आत्मा अडकून राहील. यासाठी कर्ज काढण्याची भाषाही घरात झाली. या माउलीने मला विचारले, “आम्ही काही केले नाही तर लोक म्हणतील, नवऱ्याला वाऱ्यावर सोडले. मी काय उत्तर देऊ?” हा प्रश्न खरा आहे. त्याची थट्टा करू नये. नव्या धम्मात आलेल्या प्रत्येक घरावर पहिला कठीण प्रसंग येतो तो लग्नात किंवा मरणात. आणि मरणात मन हळवे असते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी जनसमुदायाला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत श्राद्ध व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. ती का, हे बुद्धांच्या एका दृष्टांतावरून कळते. एका ग्रामप्रमुखाने विचारले की, ब्राह्मण मेलेल्याला मंत्रांनी स्वर्गात पाठवितात, हे खरे काय? बुद्धांनी त्याला उलट विचारले: एक मोठा धोंडा खोल डोहात टाकला आणि काठावर जमून लोकांनी ‘धोंड्या, वर ये’ अशी कितीही प्रार्थना केली, तर तो वर येईल काय? आणि तुपाचे मडके पाण्यात फुटले व लोकांनी ‘तुपा, खाली जा’ म्हणून विनविले, तर तूप बुडेल काय? माणसाचे कर्म जसे, तशी त्याची गती. काठावरच्या विनवणीने ती बदलत नाही. तीस वर्षे पाण्याशी काम केलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागले नसते. होडी मंत्राने तरंगत नाही, सांध्याने तरंगते, हे त्यांना सर्वांच्या आधी माहीत होते.

मग काहीच करू नये काय? तसे नाही. सिगालोवाद सुत्तातच मुलाच्या कर्तव्यांत, गेलेल्या आईबापांच्या नावे दान द्यावे असे म्हटले आहे. म्हणून, बाई, तुम्ही लोकांना निर्भयपणे सांगा: आम्ही त्रिसरण-पंचशील घेतले, पुण्यानुमोदन केले, आणि त्यांच्या नावे दान देणार आहोत. दान कर्जातून द्यावयाचे नसते. ऐपतीतून द्यावयाचे असते. एका गरजू मुलाला वह्या दिल्या तरी ते दान आहे. तुम्ही पतीला वाऱ्यावर सोडलेले नाही.

दुसरी गोष्ट हक्कांची. शोकाच्या दिवसांत कागदांकडे पाहणे निष्ठुरपणाचे वाटते. परंतु कागद हरवले की घर उघडे पडते. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ साली झाला. मिस्त्रींच्या पगारातून कपात होत होती काय, ते पगाराच्या पावत्यांवर आणि बँकेच्या पुस्तकात पाहा. कपात होत असेल, तर साठलेली रक्कम कुटुंबाची आहे. शिवाय त्या निधीला जोडलेली विम्याची योजना १९७६ पासून आणि निवृत्तिवेतनाची योजना १९९५ पासून आहे. सेवेत असताना सभासदाचा मृत्यू झाला तर पत्नीला आणि पंचवीस वर्षांखालील दोन मुलांना त्यातून वेतन मिळण्याची तरतूद आहे. कपात होत नसेल, तर ती का होत नव्हती, याची विचारणा निधीच्या कार्यालयात करता येते.

उपदान, ज्याला आपण ग्रॅच्युइटी म्हणतो, त्याचा हक्क १९७२ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांतील कामगारांना मिळाला. एरवी त्यासाठी पाच वर्षे सेवा लागते. मृत्यूच्या प्रसंगी ती अटही नाही. सेवेच्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन, आणि महिना सव्वीस दिवसांचा धरावयाचा. तीस वर्षांचे साडेचारशे दिवस होतात, म्हणजे सतरा महिन्यांहून अधिक पगार. मिस्त्री हजेरीपटावर कायम होते की रोजंदारीवर, असा वाद निघू शकतो. म्हणून जुने हजेरीचे कार्ड, ओळखपत्र, पगाराची पाकिटे, बक्षीस-समारंभाचे एखादे छायाचित्रसुद्धा जपून ठेवा. ज्या सभासदांच्या डोळ्यांत पाणी आले, त्यांना विनंती करा की, मिस्त्री तीस वर्षे येथे काम करीत होते एवढे सत्य त्यांनी सहीनिशी लिहून द्यावे. खऱ्या प्रेमाला ही सही जड जाणार नाही.

वकिलाचा खर्च परवडणार नाही म्हणून कोणी मागे हटू नये. १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जातींच्या व्यक्तींना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत कायदेशीर साहाय्याचा अधिकार आहे. धर्मांतरामुळे हा हक्क गेला, अशी भीती काही लोक नव्या कुटुंबांना घालतात. ती निराधार आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या लोकांचे स्थान कायद्यात मान्य झाले आहे.

तिसरी आणि अखेरची गोष्ट त्यांच्या कलेची. मिस्त्रींनी काही लिहून ठेवले नाही. त्यांच्या मागे एक लोखंडी पेटी आहे. तिच्यात पाने, पटाशा, राळेचा डबा आणि स्वतः घडविलेली तीन-चार हत्यारे आहेत, ज्यांना बाजारात नाव नाही. ही पेटी चिरंजीवाला द्यावी असे नातलगांचे म्हणणे. चिरंजीव सुशील आहे. पण त्याची ओढ हिशेबाच्या अभ्यासाकडे आहे आणि त्यात काही वावगे नाही. लहानपणापासून वडिलांसाठी दिवा धरणारी, न सांगता योग्य मापाचा पाना हातात देणारी, इंजिनाचा आवाज ऐकून दोष ओळखणारी आहे ती त्यांची कन्या. तिला यंत्रकामाचे शिक्षण घ्यावयाचे आहे. औंधला शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. तेथे तिने अर्ज करावा. मुलीच्या जातीने तेल-काळ्यात हात घालू नये, असे ज्यांना वाटते त्यांनी आठवावे की, कोसलच्या राजा पसेनदीला मुलगी झाली म्हणून तो खिन्न झाला, तेव्हा मुलगी मुलाहून सरस ठरू शकते असे बुद्धांनी त्याला सांगितले होते. आणि हेही आठवावे की, या मुलीच्या बापाला एकदा जातीवरून हत्यार नाकारले गेले होते. आज त्याच्याच पेटीतील हत्यार आपण त्याच्या मुलीला स्त्रीत्वावरून नाकारणार असू, तर त्या जुन्या सुतारात आणि आपल्यात फरक तो काय राहिला?

बुद्धांनी आपल्या धम्माला तराफ्याची उपमा दिली. पैलतीर गाठल्यावर तराफा डोक्यावर घेऊन चालू नये, असे ते म्हणाले. गेलेल्या माणसाच्या दुःखाचेही तसेच आहे. ते जन्मभर डोक्यावर वाहू नये. परंतु मी एवढी भर घालतो की, आपल्यामागून येणाऱ्याला उपयोगी पडेल असा तो तराफा काठाला नीट बांधून ठेवावा. मिस्त्रींची कला, त्यांचे हक्काचे पैसे आणि त्यांचे नाव, या तीन गोष्टी नीट बांधून ठेवावयाच्या आहेत.

क्लबातील काही सभासदांची इच्छा आहे की, एका होडीला मिस्त्रींचे नाव द्यावे. ती कल्पना सुंदर आहे आणि कुटुंबाने तिचा स्वीकार करावा. आपली विनंती एवढीच की, नाव रंगविण्यापूर्वी हिशेब पुरा व्हावा. विहाराच्या वतीने दोन सुशिक्षित तरुणांनी पुढील रविवारपासून या घरी बसून सारे कागद लावून द्यावेत आणि अर्ज दाखल होईपर्यंत या कुटुंबाची साथ सोडू नये, असे मी सुचवितो. आणि वाचकहो, तुमच्या घरी जो कोणी कमावता असेल, त्याच्या नोकरीचे कागद कोठे आहेत आणि वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे, हे तुम्ही आज रात्री जेवणानंतर विचारा. तो हयात असताना विचारा.

कालकथित मिस्त्रींना माझी आदरांजली.

जय भीम.